एकास अठ्ठेचाळीस

खोक्यात आलेलं बॉम्बफेकी विमान आतून रिकामंच असतं.
दोन अर्धी टरफलं शेंगेची,
आणि माणसांची सोय म्हणून
एक खुर्ची.

बाकीचं मी करतो.
हाइलब्रॉनमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, नोव्हेंबरपासून.
रीसलिंगच्या जुन्या बाटलीच्या गळ्यातली शिशाची पन्नी कापली,
तिचे पट्टे वैमानिकाच्या खांद्यांना.
उरलेली काडी मेणबत्तीवर धरून ओढली,
शेवयीसारखी निघाली, लांबच लांब;
तिच्या वायरी केल्या, छताशी चिकटवल्या
श्वास रोखून.
शेपटीच्या वाटेवर संडासाचा डबा असायचा.
तोही केला. झाकणासकट.

दुपारी आई येऊन बसते भिंगाच्या दिव्यापाशी.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची.
त्या रात्रीला ती ‘तेव्हा’ म्हणते, इतकंच.

‘किती जण असायचे रे आत?’
‘सात.’
‘तळघरात आम्ही चाळीस होतो.’
तुलना नव्हती त्यात. विणीचे टाके मोजावेत
तसं म्हणाली.

‘थंडी?’
‘वायरलेसवाल्याच्या पायाशी गरम हवेची नळी, तो घामाघूम.
शेपटीतला मात्र गोठायचा.’
‘आमच्याकडे भिंतीला हात लावता येत नव्हता,’ म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मी झाकण घासत राहिलो, घासायचं काही उरलं नव्हतं तरी.

‘आणि खायला?’
थर्मास दाखवला. तांब्याच्या तारेचा,
तांदळाच्या दाण्याएवढा.
चिमटीत धरू पाहिला तिनं, बोटं ऐकेनात.
‘कोण भरून द्यायचं यात?’
मला माहीत नव्हतं.
इतकी पुस्तकं, इतके आराखडे,
आणि हे कुठेच नाही.

वाटाड्याच्या टेबलावर नकाशा आहे, नखाहून लहान.
‘कुठला?’
‘कुठलाच नाही गं. नुसत्या रेघा.’
खोटं बोललो.
भिंगाखाली धरला असता तर नेकारचं वळण दिसलं असतं तिला,
आणि वळणाच्या आत
आपली गल्ली.

नाकाचा काचेचा फुगा टूथपेस्टनं घासून लख्ख केला होता.
‘इथं एक जण पालथा पडायचा,’ मी सांगितलं,
‘खाली बघत.’
तिनं चष्मा वर सारला, डोळा टेकवला त्या काचेला.
बाहेरून.
आत बघत राहिली, कुणी आहे का पाहावं
तशी.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात एक चिंधी,
कुठल्याशा हातमोज्याचं अस्तर, काळं.
‘दिव्याला पडदा घाल, एकहार्ट. फट ठेवू नकोस.
उजेड बाहेर गेला तर...’

हे वाक्य माझ्या आजीचं.
खिडक्यांना काळा कागद लावताना ती म्हणायची, असं ऐकलंय;
अर्ध्यावरच सोडायची,
पुढचं घरात सगळ्यांना पाठ असे.

मी आईला सांगितलं नाही की तिथं पडदा असायचाच.
खराच असायचा, वाटाड्याच्या दिव्याभोवती, याच कारणासाठी.
चिंधी पातळ पाण्यागोंदात बुडवली,
चार चुण्या दिल्या, टाचणीनं ओढली पुरती.
आतलं टेबल दिसेनासं झालं.
तीन आठवड्यांचं काम.
बघून आई म्हणाली, ‘आता ठीक.’

रविवारी दोन्ही टरफलं मिटली.
शिवणीला सॉल्व्हंट, वर रबरबँड, रात्रभर तसंच.

सकाळी स्वयंपाकघरात आलो
तर आई ते कानाशी धरून हलवतेय, अलगद,
तान्ह्या बाळाचा खुळखुळा हलवावा तसं.
‘आत काहीतरी सुटलंय,’ म्हणाली.

थर्मास. चिकटवायचा राहिला होता.

आता उघडायचं तर कापावं लागेल.
ती ऐकत होती. टिक्. टिक्.
कॉफी उकळून उतू गेली गॅसवर,
आम्ही दोघंही उठलो नाही.